मुक्त पाठ आणि मालवणी क्रियापद

कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे कशी घडवावीत हे शिकविणारे मुक्त-स्रोत प्रकल्प आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या नित्याच्या वापरात आले आहेत. अशा प्रकल्पातील पाठ, आज्ञावली, उदाहरणे आणि भाषिक सामग्री कोणालाही पाहता येते, उतरवून घेता येते व सुधारता येते. वाचकाने वाचक म्हणूनच थांबू नये, प्रकल्पाचा योगदाता व्हावे, अशी त्यामागची अपेक्षा असते. ही कल्पना उदार आहे. परंतु योगदान कोणत्या साच्यातून स्वीकारले जाते आणि त्या साच्यात न मावणाऱ्या गोष्टीचे काय होते, हा प्रश्न तंत्रज्ञांइतकाच भाषाभ्यासकांचाही आहे. किंबहुना तो प्रथम त्यांचा आहे. यंत्राला शिकविण्याची सामग्री ही बव्हंशी भाषा असते, आणि भाषा एकसारखी नसते हे सांगण्याचा अधिकार व जबाबदारी भाषाशास्त्राची आहे. या प्रश्नाची परीक्षा मालवणी बोलीवर करता येते.

मालवणी म्हणजे ‘थोडी वेगळी उच्चारलेली मराठी’ असा समज प्रचलित आहे. बोलीभेद हा शब्दांचा व स्वरांचा भेद असून व्याकरण मात्र एकच, असे त्यात गृहीत असते. हे गृहीत तपासण्यासाठी ‘जाणे’ या एका क्रियापदाची भूतकाळी रूपे पुरेशी आहेत. प्रमाण मराठीत ‘मी गेलो’, ‘तो गेला’. आणि बोलण्यात ‘मूल गेलंय’, म्हणजे गेले आहे. मालवण-कुडाळ भागात सामान्यतः ‘मी गेलंय’, ‘तो गेलो’ आणि नपुंसकलिंगी ‘ता गेला’. रूपे तीच तीन आहेत. फक्त त्यांनी जागा बदलल्या आहेत. प्रमाण भाषेतील प्रथमपुरुषी ‘गेलो’ येथे तृतीयपुरुषी पुल्लिंगी झाले, पुल्लिंगी ‘गेला’ नपुंसकलिंगी झाले आणि नपुंसकलिंगी वाटणारे ‘गेलंय’ बोलणाऱ्याचे स्वतःचे झाले. विशेषणांतही हेच दिसते. ‘मोठो’ हे पुल्लिंगी, तर ‘मोठा झाड’ यातील ‘मोठा’ नपुंसकलिंगी. वर्तमानकाळी ‘मी जातंय’ म्हणणारा मालवणी माणूस पुणेकराच्या कानाला स्वतःविषयी नपुंसकलिंगात बोलत असल्यासारखा वाटतो, आणि विनोदाची अर्धी सामग्री त्यातूनच निघते.

यंत्राच्या दृष्टीने या भेदाचे महत्त्व वेगळे आहे. ‘खय’, ‘माका’, ‘चेडू’ असे शब्द यंत्राला अपरिचित असले, तर ते अडते. अडल्याचे निदान कळते. ‘गेलो’ हा शब्द मात्र त्याच्या पूर्ण परिचयाचा आहे. म्हणून ते अडत नाही. कर्ता स्पष्ट नसेल तेथे ते निःशंकपणे दुसऱ्याच माणसाला बाजारात पाठविते. अज्ञात शब्दापेक्षा ज्ञात वाटणारा शब्द अधिक घातक, ही बोलींच्या बाबतीतली मुख्य अडचण आहे, आणि सामग्रीचे केवळ आकारमान वाढवून ती दूर होत नाही; प्रमाण मराठीची सामग्री वाढेल तसा यंत्राचा चुकीचा निश्चय अधिक दृढ होईल. २०२५ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा अवलंब करण्याची योजना जाहीर झाली. कोणत्याही अशा कारभारात उद्या तोंडी तक्रार यंत्राने ऐकून उतरवावयाची झाली, तर ‘कोण गेले’ आणि ‘कोणी सांगितले’ हे व्याकरणाचे प्रश्न न राहता कागदपत्राचे प्रश्न होतील.

मालवणीचे भाषाशास्त्रीय वर्णन नव्याने करावयाचे आहे, असे मात्र नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कुडाळी या नावाने तिची नोंद आहे. तेथे ती कोंकणीच्या पोटात घातलेली आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत १९६५ साली ‘कुडाळी’ हा स्वतंत्र ग्रंथ दिला. एका सर्वेक्षणात कोंकणीची शाखा असलेली बोली दुसऱ्यात मराठीची बोली झाली, याचे कारण बोलीत काही बदल झाला हे नसून वर्गीकरणाची चौकट बदलली हे आहे. आज हीच चौकट संगणकात दोन-तीन अक्षरी संकेतांच्या रूपाने उतरली आहे. भाषानामांच्या आंतरराष्ट्रीय संकेतमालेत मराठीला संकेत आहे, गोव्याच्या कोंकणीला आहे. मालवणीला स्वतःचा नाही. ग्रिअर्सन व घाटगे यांना आपल्या निवडीची कारणे प्रस्तावनेत मांडता येत होती. संकेताची यादी उघडून त्यातले एक नाव निवडणाऱ्या योगदात्याला कारण मांडण्यासाठी जागाच नसते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे केलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण या दृष्टीने अधिक समंजस आहे. त्यात बोलीच्या नावापासून आरंभ न करता एकेक व्याकरणिक व शाब्दिक विशेष घेऊन तो कोणकोणत्या गावी आढळतो ते पाहिले आहे, आणि ही सामग्री संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. यंत्रविद्येच्या पाठांतून हे सर्वेक्षण आधार म्हणून वापरले गेले, तर त्याचा लाभ दोन्ही बाजूंना होईल.

आता प्रत्यक्ष प्रकल्पांकडे वळावे. मराठीपुरते बोलावयाचे तर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या उपक्रमाचे स्थान पहिले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली मराठीसाठी खुली सामग्री व खुली भाषायंत्रे तयार करावीत आणि ते करता करता विद्या शिकावी, अशी त्याची धाटणी आहे. २०२१ साली या गटाने सुमारे १६ हजार मराठी ट्विटांची होकारात्मक, नकारात्मक व तटस्थ अशी वर्गवारी करून ती प्रसिद्ध केली. २०२२ साली २ कोटी ४८ लाख वाक्यांचा व सुमारे २८ कोटी ९० लाख शब्दांचा मराठी संग्रह दिला. पूर्वी इंग्रजी उदाहरणांवर हात बसविणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेवर काम करता आले, हे या उपक्रमाचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु अशा संग्रहाचा मोठा भाग वृत्तपत्रीय लेखनाचा असणे अपरिहार्य असते. महाजालावर मराठी तेवढीच मुबलक आहे. वृत्तपत्रात ‘तो गेलो’ कधी छापले जात नाही. त्यामुळे ‘मराठी संग्रह’ या नावाचा अर्थ ‘छापील प्रमाण मराठीचा संग्रह’ असा करावा लागतो. नावातील ही संदिग्धता दोष म्हणून फार मोठी नाही. पण विद्यार्थी जेव्हा त्या नावावर विसंबून ‘आमचे यंत्र मराठी जाणते’ असा निष्कर्ष लिहितो, तेव्हा ती शिक्षणातील त्रुटी ठरते.

वाचिक सामग्रीच्या प्रकल्पांत साच्याचा प्रश्न अधिक उघड होतो. मोझिला संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ या २०१७ साली आरंभलेल्या प्रकल्पात योगदाता पडद्यावरचे वाक्य वाचतो आणि इतर योगदाते ते ऐकून ग्राह्य की अग्राह्य ठरवितात. वाक्य लहान असावे, त्यात आकडे नसावेत, ते शुद्धलेखनाच्या व व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असावे, असे नियम आहेत. उच्चारातील प्रादेशिक भेद दोष मानू नये, असेही तेथे सांगितले आहे, आणि ही सूचना स्तुत्य आहे. परंतु सहिष्णुता उच्चारापुरतीच असली आणि व्याकरणाची कसोटी मात्र अविशेषित राहिली, तर मालवणी माणसाला या प्रकल्पात पुण्याचे वाक्य मालवणी स्वरात वाचता येते. स्वतःचे वाक्य देता येत नाही. ‘तो बाजाराक गेलो’ हे वाक्य कोणी सादर केले, तर परीक्षक त्याला अशुद्ध ठरवील आणि नियमानुसार ते योग्यच असेल. अशा रीतीने प्रकल्पाला मालवणी आवाज मिळतो, मालवणी भाषा मिळत नाही. हा परिणाम कोणाच्याही दुराग्रहातून झालेला नाही. ‘व्याकरणशुद्ध’ या एका शब्दाची व्याख्या करावयाची राहून गेली, एवढेच त्याचे मूळ आहे.

केंद्र शासनाच्या ‘भाषिणी’ या २०२२ साली सुरू झालेल्या योजनेतील ‘भाषादान’ उपक्रमाचे विभाग ऐकून लिहिणे, वाचून बोलणे, भाषांतर करणे आणि चित्रातील मजकूर ओळखणे असे आहेत. पद्धतीबाबत वरील विवेचन त्यालाही बव्हंशी लागू पडते. त्याच्या नावाविषयी मात्र थोडे बोलले पाहिजे. दान दिल्यावर दात्याचा त्या वस्तूवरील हक्क संपतो. धर्मशास्त्रात तर तो संपल्याखेरीज दान पूर्णच होत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर सामूहिक श्रमाचा दुसरा शब्द आहे, तो म्हणजे ‘वाटा’. रापण ओढावयास जे दोरीला हात लावतात त्यांना ओढीतल्या मासळीत वाटा असतो. जाळ्याचा मालक वेगळा आणि ओढणारे वेगळे असले, तरी ओढणारा दाता ठरत नाही. मुक्त-स्रोत परंपरेची मूळ कल्पना दानापेक्षा या वाट्याच्या जवळची आहे. योगदात्याचे नाव इतिहासात राहते, त्याने केलेली सुधारणा कोणती हे दिसते, आणि पुढच्या फेरीत साचा बदलण्याविषयी त्याला बोलता येते. यांतील शेवटची गोष्ट नसेल, तर परवाना कितीही उदार असो, प्रकल्प उतरवून घेण्यापुरता मुक्त असतो.

या पार्श्वभूमीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा, आर्टपार्क व गूगल यांच्या सहकार्याने चाललेला ‘वाणी’ हा प्रकल्प विशेष लक्ष देण्याजोगा आहे. त्याचे एकक भाषा हे नसून जिल्हा हे आहे. देशातील ७७३ जिल्ह्यांतून दीड लाख तासांहून अधिक बोलणे गोळा करण्याचे उद्दिष्ट ठेवून पहिल्या टप्प्यात ८० जिल्हे घेतले गेले. त्यांत सिंधुदुर्ग आहे. येथे बोलणाऱ्यापुढे वाक्य ठेवले जात नाही, चित्र ठेवले जाते, आणि त्यात जे दिसते ते त्याने आपल्या भाषेत सांगावयाचे असते. त्याची भाषा कोणती, हेही त्यालाच विचारले जाते. चित्रामुळे व्याकरणशुद्धतेची कसोटी आपोआप गळून पडते, कारण शुद्ध-अशुद्ध ठरविण्यासाठी समोर मूळ पाठच नसतो. किनाऱ्यावरच्या जाळ्याचे चित्र पाहून माणूस ‘रापण’ म्हणेल, पेडवो आणि बांगडो वेगळे ओळखील; वाचावयाच्या वाक्यात हे शब्द कोणी आधी घातले असतील तरच येतील. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणात उधळ्या पुत्राची एकच बोधकथा सर्व भाषांत उतरवून घेतली होती. तुलनेला ती सोयीची, पण भाषांतरित वाक्याचा वास तिला सुटत नाही. चित्रपद्धती त्या दोषापासून मुक्त आहे.

तिच्यातही एक गोष्ट उरतेच. ध्वनिमुद्रणासाठी बसलेला मालवणी माणूस मालवणीतच बोलेल, असे समजण्याचे कारण नाही. परक्या माणसापुढे व यंत्रापुढे त्याची भाषा औपचारिक होते, म्हणजे प्रमाण मराठीकडे सरकते. निरीक्षणानेच भाषा बदलते हा लबॉव यांनी मांडलेला विरोधाभास येथे पुरेपूर लागू आहे. या माणसाला दोन्ही भाषारूपे सहज येतात. दशावतारी नाटकात संहिता लिहिलेली नसताना राजे आणि देव रात्रभर संस्कृतप्रचुर मराठीत संवाद करतात, आणि तेच नट रंगपटात मालवणी बोलतात. म्हणून ‘सिंधुदुर्ग’ अशी खूण असलेल्या फितीत कोणत्या क्षणी कोणते व्याकरण चालू आहे, हे ऐकून ठरवावे लागते. हे काम यंत्राला किंवा बोली न जाणणाऱ्या लेखनिकाला करता येणार नाही. योगदानाची खरी जागा ती आहे.

आता शिक्षणाच्या पाठांसंबंधी. मुक्त शैक्षणिक साहित्यात मराठीपुरता सर्वांत पद्धतशीर प्रयत्न म्हणून मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाचा उल्लेख करावा लागतो. संगणकाच्या पडद्यावरील कृती दाखवीत चालणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ आणि त्यांचे अनेक भारतीय भाषांतील निवेदन, असे त्याचे स्वरूप आहे. पडदा इंग्रजीच राहतो, निवेदन मराठी होते. निवेदनाची संहिता कोणत्या क्षणी कोणते वाक्य यावे अशा दोन रकान्यांत लिहिलेली असते. ही शिस्त अनुकरणीय आहे. पण काळाचा रकाना मूळ इंग्रजी वाक्याच्या मापाने आखला गेला आहे. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात क्रियापद प्रथम येते आणि वस्तू नंतर. मराठीत वस्तू प्रथम आणि क्रियापद अखेरीस. दर्शक पडद्यावर जेथे पोहोचलेला असतो तेथे मराठी वाक्य कृतीचे नाव अजून उच्चारलेले नसते. भाषांतरकार वाक्ये आखूड करून हे निभावून नेतो, आणि त्यामुळे पाठातील ‘का’ गळून ‘कसे’ तेवढे उरते. आज्ञावलीच्या प्राथमिक पाठात हे चालून जाईल. भाषायंत्राच्या पाठात चालणार नाही, कारण तेथे उदाहरण हाच विषय असतो, आणि उदाहरणाचे भाषांतर करता येत नाही. ते त्या भाषेत नव्याने शोधावे लागते.

याचे प्रत्यंतर मूल्यमापनाच्या प्रकरणात सापडते. श्रुतलेखन करणारे यंत्र किती चुकते हे मोजण्यासाठी शब्ददोषाचे प्रमाण काढतात: बदललेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द यांच्या बेरजेला मूळ शब्दसंख्येने भागावयाचे. बहुतेक पाठांत हे माप इंग्रजी वाक्यावर समजावलेले असते आणि विद्यार्थी ते सूत्र म्हणून पाठ करतो. त्याच ठिकाणी मालवणी उदाहरण ठेवून पाहावे. बोललेले वाक्य ‘तो बाजाराक गेलो’. यंत्राने लिहिले ‘तो बाजारात गेला’. तीन शब्दांपैकी दोन बदलले, दोष सुमारे ६७ टक्के. अर्थ मात्र जसाच्या तसा पोहोचला, कारण यंत्राने नकळत भाषांतर केले. दुसरे वाक्य ‘बाजाराक गेलंय’. यंत्राने लिहिले ‘बाजाराक गेलंय’. दोष शून्य. पुढे प्रमाण मराठीवर शिकलेल्या भाषांतरयंत्राकडे हे गेले, की ‘मी बाजारात गेलो’ याऐवजी कोणी तरी तिसरे, बहुधा एखादे मूल, बाजारात गेलेले निघते. जेथे माप मोठे अपयश दाखविते तेथे अर्थ सुरक्षित आहे, आणि जेथे पूर्ण यश दाखविते तेथे बोलणारा माणूसच वाक्यातून नाहीसा झाला आहे.

या दोन वाक्यांतून विद्यार्थ्याला कितीतरी गोष्टी कळतात. श्रुतलेखन व भाषांतर यांची परीक्षा निरनिराळी करावी लागते. माप कशाचे आहे हे न पाहता आकड्याची तुलना करू नये. आणि बोलीच्या श्रुतलेखात ‘दुरुस्ती’ करणारा लेखनिक सामग्री स्वच्छ करीत नसून दुसरी सामग्री तयार करीत असतो. इंग्रजी उदाहरणाने हे इतक्या थोडक्यात दाखविता येणार नाही. अशा एका पाठासाठी मोठे यंत्रही लागत नाही. पुरुष व लिंग यांची अदलाबदल दाखविणारी दोन-तीन डझन वाक्ये, प्रत्येकाचा प्रमाण मराठीत अर्थ, आणि वाक्य कोणत्या गावचे याची नोंद, एवढ्यावर तो उभा राहतो. कुडाळ किंवा मालवणच्या महाविद्यालयातील मराठीचा विद्यार्थी आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी शेजारी बसून तो लिहू शकतील. तसा पाठ एखाद्या मुक्त प्रकल्पात दाखल झाला, तर त्याचे मोल शंभर तासांच्या वाचनापेक्षा अधिक ठरेल. कारण तासांनी साचा भरतो, पाठाने साचा तपासला जातो.

यावर एक आक्षेप संभवतो. मालवणी ही घरगुती व विनोदाची बोली आहे. शास्त्रीय शिक्षणात तिला आणणे हा हौशीपणा होय. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला महाराष्ट्रभर श्रोते मिळवून दिले हे खरे, आणि तिच्याविषयी हसण्याची सवयही त्या यशाबरोबर रुजली. पण ग्रामदेवतेपुढे घातले जाणारे गाऱ्हाणे ऐकणाऱ्याला ही बोली केवळ विनोदाची आहे असे म्हणता येणार नाही. मागणीचा क्रम, गावकऱ्यांचा निर्देश, आणि प्रत्येक टप्प्यावर येणारा ‘व्हय महाराजा’ हा सामूहिक होकार यांनी बांधलेली ती एक विधियुक्त औपचारिक भाषा आहे. शिवाय आक्षेपाचा रोख चुकीच्या जागी आहे. पाठ मालवणीत लिहावा असे येथे म्हटलेले नाही. निवेदन प्रमाण मराठीत असावे आणि परीक्षेची सामग्री बोलीची असावी. निवेदनाची भाषा व सामग्रीची भाषा यांतील हा भेद भाषाशास्त्राच्या प्रत्येक वर्णनात पाळला जातोच. घाटग्यांनी कुडाळीचे वर्णन इंग्रजीत केले, म्हणून कुडाळी इंग्रजी झाली नाही.

खरी अडचण लेखनाची आहे, आणि ती सोपी नाही. नपुंसकलिंगी ‘मोठा’ काही मालवणी लेखक अनुस्वार देऊन ‘मोठां’ लिहितात, काही देत नाहीत. सर्वनाम ‘ता’ कोठे ‘तां’ असे आढळते. १९६२ च्या लेखननियमांनी प्रमाण मराठीतून अनुच्चारित अनुस्वार काढून टाकला, आणि त्या नियमांत वाढलेला लेखनिक बोलीतील अनुस्वारही सवयीने गाळतो. तो गाळला की प्रमाण मराठीच्या पुल्लिंगी ‘मोठा’शी रूप एक होते आणि यंत्राला भेद करण्याचे एकमेव दृश्य साधन जाते. तो सर्वत्र घालावा, तर जेथे बोलणाऱ्याने अनुनासिक उच्चारलाच नाही तेथे लेखनिकाने आपले व्याकरण घुसविल्यासारखे होते. ‘वाणी’सारख्या प्रकल्पातील सिंधुदुर्गच्या फितींचे लेखन करताना या दोहोंपैकी कोणता नियम पाळला गेला, हे प्रत्येक लेखाबरोबर नोंदविले गेले पाहिजे, आणि दोन लेखनिकांनी एकच फीत स्वतंत्रपणे लिहून काढली, तर त्यांच्यातील फरक पुसून एकच पाठ ठेवण्यापेक्षा दोन्ही पाठ शेजारी ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल. हस्तलिखितांच्या संपादनात पाठभेद तळटीपेत देण्याची शिस्त मराठी विभागांना जुनी आहे. मुक्त प्रकल्पांच्या सामग्रीत त्यासाठी अजून रकाना नाही. तो सुचविणे, आणि त्यात कोणत्या नोंदी याव्यात हे मालवणच्या दहा-वीस वाक्यांवर करून दाखविणे, हे काम पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातील आहे.